बदकांचं तळं दर तीन आठवड्यांनी परत घाण होतंय, तेही झाडांचा फिल्टर असताना? आमचं कुठे चुकत होतं ते सांगतो

पाणी बदललं, तळ घासला, कर्दळीचे नवीन गड्डे लावले की आठ-दहा दिवस तळं झकास. पंधराव्या दिवशी जरा गढूळ. विसाव्या दिवशी वास, आणि मग शेजारच्या काकू गॅलरीत नाकाला पदर लावून उभ्या. हे आमच्याकडे सात वेळा झालंय. सात! ओळखीतल्या अजून दोघांनी असंच तळं केलंय आणि त्यांचंही रडगाणं तेच, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

आधी आमचं काय आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. पुण्यात धायरीच्या पुढे घर, मागे अंगण. तळं १० बाय ७ फूट, मधे खोली पावणेदोन फूट, कडा उतरत्या, म्हणजे पाणी अंदाजे ३००० लिटर. बदकं पाच, त्यातली चार खाकी कॅम्पबेल आणि एक पांढरा पेकिन जो एकटा दोघांचं खातो. तळ्याच्या बाजूला विटा-सिमेंटची ६ बाय ३ ची सव्वा फूट खोल टाकी, त्यात खडी, आणि खडीत कर्दळ, वेखंड, पाणकणीस. तळ्यात पंप, तो टाकीच्या एका टोकाला पाणी सोडतो, पाणी खडीतून, मुळांतून सरकत दुसऱ्या टोकाला येतं आणि तिथून परत तळ्यात पडतं. यात नवीन काही नाही, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सांडपाण्यासाठी फायटोरीड म्हणून जी पद्धत केलीय तिचं तत्त्व हेच, तिथेही कर्दळ, पाणकणीस असलीच झाडं. म्हणजे पद्धत चालते हे नक्की. आमच्याकडे चालत नव्हती.

पहिली गोष्ट, पाणी घाण झालं म्हणजे नेमकं काय झालं ते बघा, नुसतं घाण घाण करून उपयोग नाही. काचेची बरणी घ्या (लोणच्याची चालेल, धुऊन), तळ्याचं पाणी भरा आणि रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी तळाशी चॉकलेटी थर आणि वर पाणी बऱ्यापैकी नितळ असेल तर तुमची भानगड गाळाची आहे. सकाळीही बरणी हिरवीच्या हिरवी असेल तर ते शेवाळ, पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ, ते असं एका रात्रीत खाली बसत नाही. आणि बरणीचं झाकण उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर कुठेतरी हवा न लागता काहीतरी कुजतंय. आमच्या बरणीत दोन बोटं गाळ बसला आणि वासही आला. आईने ती बरणी परत स्वयंपाकघरात घेतली नाही ते वेगळं.

एवढं समोर दिसत असूनही आम्ही काय केलं, तर सगळे चुकीचे उपाय. तुरटी फिरवली, पाणी दोन तासांत नितळ झालं, आम्ही खूश, पण गाळ कुठे गेला नाही, तळाशी बसला, आणि बदकांनी संध्याकाळी चोची खुपसून तो परत वर आणला. मग कोणीतरी पोटॅशियम परमँगनेट (जंतू मारायचं जांभळं औषध) सांगितलं, ते टाकलं. मग ब्लीचिंग पावडर, बदकं दोन दिवस बाहेर ठेवून. मग टाकीतली सगळी खडी उपसून नळाच्या पाण्याखाली घासून धुतली, दोन रविवार गेले, कंबर गेली. यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टींनी आम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो हे नंतर कळलं.

का ते सांगतो. झाडं पाणी साफ करतात हे अर्धंच खरं आहे. बदकांच्या शीमधून पाण्यात अमोनिया तयार होतो. खडीच्या प्रत्येक दगडावर जो बुळबुळीत पातळ थर येतो ना, जो आपल्याला घाण वाटतो आणि आपण घासून काढतो, त्यात जिवाणू असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि ते नायट्रेट झाडं खातात, थोडा अमोनिया सरळही घेतात. म्हणजे खरं कामाला लागलेली माणसं ती खडीवरची, कर्दळ नुसती शेवटी जेवायला येते. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तिला सतत ऑक्सिजन लागतो. आम्ही दर तीन आठवड्यांनी ब्लीचिंग नाहीतर नळाचं क्लोरीनवालं पाणी मारून वस्ती उठवत होतो आणि परत पहिल्यापासून सुरुवात. मग तळं साफ राहणार कसं?

पण हेही मूळ कारण नव्हतं. मूळ कारण सातव्या वेळी सापडलं, तेही चिडून. खडी परत उपसायची म्हणून पाणी जिथे टाकीत पडतं त्या टोकाला मी हात घातला. कोपरापर्यंत. वरची चार बोटं खडी ठीक, त्याखाली काळाकुट्ट लगदा, डांबरासारखा, त्यात पिसांचे तुकडे आणि अक्षरशः ओळखू येणारे मक्याचे दाणे. वास असा की जेवणावरची वासना गेली. कर्दळीची तिथली मुळं तपकिरी, दाबली की सालटी हातात. मग सहज दोन फूट पुढे हात घातला तर खडी स्वच्छ, मुळं पांढरी, टवटवीत. दुसऱ्या टोकाला तर नवीन असल्यासारखी. म्हणजे सहा फुटांच्या टाकीतला पहिला दीड फूट गच्च बसला होता, पाणी खडीच्या आतून न जाता वरून वाहून सरळ पलीकडे जात होतं, आणि मागे राहिलेली साडेचार फूट टाकी नुसती शोभेला.

तर मुद्दा हा, की खडी आणि मुळं हे पाण्यात विरघळलेल्या घाणीसाठी आहेत. शी, पिसं, चिखल, भिजलेलं खाद्य ही घट्ट घाण खडी फक्त अडवते. अडवली म्हणजे साफ झाली असं नाही, ती तिथेच बसून कुजते, कुजताना सगळा ऑक्सिजन खाते आणि जिवाणूंचा जीव गुदमरतो. माशांच्या तळ्यात ही घाण थोडी असते म्हणून तिथे नुसती खडी-झाडं पुरतात. बदक म्हणजे मासा नव्हे. तुमच्या टाकीत पाणी येतं त्या टोकाला खडीच्या वर डबकं साचत असेल आणि पलीकडे धार बारीक झाली असेल तर हात घालून बघा, जास्त विचार करू नका. हातमोजे घाला पण.

आता मक्याचे दाणे तिथे कसे गेले? खाद्याचं भांडं आम्ही तळ्याच्या काठावर ठेवत होतो, बदकांना सोयीचं म्हणून. बदक कोरडं नुसतं गिळत नाही, तोंडात घास घेतं, पाण्यात जाऊन चूळ भरल्यासारखं करतं, अर्धं पोटात आणि अर्धं पाण्यात. दिवसातून पंचवीस वेळा. आता भांडं तळ्यापासून वीस फुटांवर आहे, तिथेच शेजारी पाण्याची बादली, चोच आणि नाकपुड्या पूर्ण बुडतील एवढी खोल, कारण ते त्यांना लागतंच, आणि बादलीखाली जाळी आणि जाळीखाली खडीचा खड्डा. पैसा शून्य लागला. निम्मा फरक एवढ्यानेच पडला, खोटं नाही सांगत.

उरलेला निम्मा निळ्या ड्रमने. भंगारवाल्याकडून २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आणला (आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या, केमिकलचा असेल तर फुकट दिला तरी नको), आणि तो टाकीच्या आधी लावला, गाळ बसण्यासाठी. पाणी ड्रममध्ये मध्यावर एका बाजूने, भिंतीला घासून शिरतं, त्यामुळे आत हळूहळू गोल फिरतं, जड घाण मधे तळाशी बसते आणि वरचं पाणी पुढे जातं. तळाला दीड इंची बॉल व्हॉल्व्ह. रोज सकाळी व्हॉल्व्ह उघडायचा, आधी काळं मग चॉकलेटी मग बऱ्यापैकी पाणी येतं, तेव्हा बंद करायचा. दोन बादल्या जातात फार तर.

यातही एक चूक आम्ही केलीच. पहिल्यांदा पंप तळ्यातच ठेवला होता आणि तो पाणी ड्रममध्ये ढकलत होता. गाळ काही बसेना. कारण पंपाचं पातं शीचा मिक्सरसारखा ज्यूस करतं आणि तो ज्यूस मग बसत नाही, सरळ खडीत जातो. पंप ड्रमच्या नंतर पाहिजे. म्हणजे तळ्याच्या तळातून तीन इंची पाइप ड्रमला, पाणी आपोआप समान पातळीला येतं, आणि पंप ड्रमच्या वरच्या भागात टांगायचा, तो नितळ पाणी उचलून खडीत देतो. यासाठी ड्रमचं तोंड तळ्याच्या पाण्यापेक्षा चार बोटं वर पाहिजे, नाहीतर अंगणात पूर. आमची मागची जमीन अडीच फूट उतरती आहे म्हणून ड्रम निम्मा गाडून व्हॉल्व्हचं पाणी सरळ केळीच्या आळ्यात जातं. जमीन सपाट असेल तर व्हॉल्व्हच्या नादी लागू नका, पंप बंद करून दहा मिनिटं थांबा आणि तळाचा गाळ छोट्या मडपंपाने ओढा. पंपही मोठा नको. आमचा आधी ताशी ३००० लिटरचा होता, आता २००० चा आहे, ड्रममध्ये पाणी सहा मिनिटं टिकतं. मोठा पंप म्हणजे जास्त साफ असं दुकानदार सांगतो, त्याला विकायचाय.

टाकीत एवढंच केलं की पहिला दीड फूट काढला, तिथे मुठीएवढे दगड भरले आणि मधे भोकं पाडलेला चार इंची पाइप उभा ठेवला, तळापर्यंत. दोन-तीन महिन्यांनी त्या पाइपात मडपंप सोडून खालचा गाळ ओढून घेतो, खडी उपसायची गरज नाही. बाकी खडी २० एमएम, वरची चार बोटं १० एमएम, वाघोलीकडच्या क्रशरची काळी खडी, आपला बेसाल्टच तो, पाण्याचं काही बिघडवत नाही. फक्त भुकटी जाईपर्यंत आधी धुऊन घ्या. आणि कधी धुवायची वेळ आलीच तर एका वेळी फक्त एक तृतीयांश, तेही तळ्याच्याच पाण्याने. नळाचं पाणी तळ्यात भरायचं असेल तर पिंपात भरून एक दिवस उघडं ठेवा, मग घाला.

आता बाबांचा किस्सा. एवढं सगळं करूनही दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पंप चालू होताना काळं पाणी आणि वास यायचा. कळेचना. मग एकदा रात्री साडेअकराला बघितलं तर बाबा टॉर्च घेऊन मागे जातायत आणि पंप बंद करतायत. बदकं झोपली, मग पंप कशाला, वीज फुकट येते का. त्यांचंही चुकलं नाही, पण रात्रभर पाणी थांबलं की खडीतला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरायला लागतात, सकाळी तेच मेलेलं सगळं तळ्यात. मग हिशोब मांडून दाखवला, ३५ वॅटचा पंप, चोवीस तास, दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला २५ युनिट. बाबांनी कागद उलटसुलट करून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी स्विचबोर्डवर त्यांच्याच अक्षरात पाटी: 'हे बटण बंद करू नये. केल्यास तळे धुण्याचे काम बंद करणाऱ्याकडे राहील.' गुरुवारी लाईट जाते तेव्हा मात्र इलाज नाही. तीन-चार तास गेली असेल तर लाईट आल्यावर पहिली पंधरा मिनिटं टाकीतून बाहेर पडणारं पाणी तळ्यात न सोडता झाडांना सोडतो. पाइपाला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक नळ, बास.

झाडांबद्दल. कर्दळीला तोड नाही, भूक जबरदस्त, मिळते कुठेही. वेखंड हळू वाढतं पण टिकतं. वाळा लावा, मुळं खोल जातात. छत्री गवत पण छान. पाणकणीस सिमेंटच्या टाकीत ठीक, पण तळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर लांबच ठेवा, त्याचे कोंब कागद फोडतात. अळू तर असा माजतो की काय सांगू, पानं सुपाएवढी, पण त्याचं फतफतं करायचा मोह टाळा, ते पाणी काय आहे ते आठवा. जलपर्णी आम्हीही पहिल्यांदा टाकली होती, फुकट आणि पटकन वाढते म्हणून. घाण शोषते हे खरंय, पण पावसात तळं भरून वाहिलं आणि एक रोप जरी नाल्यात गेलं तरी पुढे काय होतं ते पाषाण तलाव आणि मुळा-मुठेत आपण बघतोच. नकोच ती. अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) तळ्यात टाकला तर एका दुपारात फस्त, तो वेगळ्या टबात वाढवा आणि ओंजळभर रोज खायला द्या, आवडीने खातात. कमळ वगैरे विसरा. आणि टाकीभोवती दोन फुटी कोंबडी जाळी लावाच, नाहीतर बदकं खडीत चोच घालून सगळी लागवड एका सकाळीत आडवी करतात.

एक गोष्ट बहुतेकजण करत नाहीत, ती म्हणजे कापणी. झाडाने जे नायट्रेट, फॉस्फरस खाल्लं ते पानात, खोडात बसलंय. पान वाळून टाकीतच पडलं की परत पाण्यात. कापून बाहेर नेलं तरच ती घाण तळ्यातून गेली. कर्दळीचा फुलून गेलेला दांडा बुडाशी कापायचा, दर पंधरा दिवसांनी थोडंथोडं, एकदम सगळी टाकी भादरायची नाही. कापलेलं कंपोस्टला.

मोसमाप्रमाणे थोडं बदलतं. पावसाळ्यात घाण बदकांपेक्षा काठाच्या चिखलाची जास्त, आम्ही शहाबादी फरशीचे तुकडे तळ्याभोवती तीन फूट टाकले, चिखल निम्म्यावर आला. डिसेंबर-जानेवारीत थंडीने जिवाणू सुस्तावतात, कर्दळही रुसते, पण बदकं खातात तेवढंच, म्हणून तेव्हा ड्रम दोनदा सोडतो. एप्रिल-मेमध्ये खरी काळजी. पाणी आटतं, तापतं, आणि कुजका गाळ किंवा मेलेला उंदीर, पक्षी असं काही काठाला राहिलं तर बोट्युलिझम (कुजक्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) होऊ शकतो, बदकाची मान लुळी पडते, पाय ओढतं. असं दिसलं तर लगेच सगळ्यांना त्या पाण्यातून बाहेर काढा, स्वच्छ पाणी द्या आणि जनावरांच्या डॉक्टरला गाठा, तळ्याचं नंतर बघू.

आणि हिरवेपणा. ड्रम लावल्यावर गाळ गेला, वास गेला, पण मार्चमध्ये पाणी हिरवट झालं. बायको म्हणाली परत सुरू तुमचं. बरणी ठेवली, गाळ नाही, हिरवं तसंच. म्हणजे शेवाळ, ऊन आणि नायट्रेट दोन्ही भरपूर. तळ्याच्या पश्चिमेच्या बाजूला हिरवी शेडनेट बांधली आणि टाकीत वाळ्याची सहा रोपं वाढवली, महिन्याभरात हिरवट वरून फिक्या चहासारखं झालं. त्यापुढे मी गेलो नाही. बदकांच्या तळ्याचा तळ दिसलाच पाहिजे हा हट्ट ज्याचा आहे त्याने मासे पाळावेत. वास नाही, फेस नाही, हात बुडवल्यावर मनगट दिसतंय, माझ्या दृष्टीने पाणी पास. जिवाणूंच्या कल्चरच्या बाटल्या मिळतात त्या मी एकदा आणल्या, फरक कळला नाही. त्यापेक्षा कोणाच्या चालू टाकीतली दोन ओंजळी ओली खडी आणून आपल्या टाकीत टाका, आमच्याकडून न्या हवी तर.

नऊ महिने झाले, तळं एकदाही पूर्ण रिकामं केलेलं नाही. बदकं मात्र पाचच ठेवलीत, भाचा अजून दोन आणू म्हणतोय, त्याला सांगितलंय आधी ड्रम दुसरा आण. एकच कटकट उरलीय, पिसं झडायच्या दिवसांत तळातल्या पाइपाच्या तोंडावर पिसांचा बोळा बसतो आणि ड्रममधलं पाणी खाली जाऊन पंप कोरडा घरघरतो. सध्या पाइपाच्या तोंडावर टोमॅटोचं प्लास्टिकचं क्रेट उलटं ठेवून वर एक वीट ठेवलीय, आणि सकाळी चहाआधी बाही वर करून हाताने पिसं काढतो.